पालवी करपलेल्या मोठ्या झाडांचे काय करावे?

अमेरिकेच्या ईशान्य भागातले सफरचंदाचे बागायतदार १८ मे २०२३ ची पहाट सहजासहजी विसरणार नाहीत. न्यूयॉर्क, व्हरमाँट, न्यू हॅम्पशायर, मॅसॅच्युसेट्स या राज्यांत पारा गोठणबिंदूखाली उतरला आणि ऐन बहरातल्या बागा व द्राक्षमळे एका रात्रीत हातचे गेले. बातम्या झाल्या त्या फळांच्या. पण अशा पहाटे अंगणातल्या, रस्त्याकडेच्या आणि डोंगरउतारावरच्या ओक, ॲश, बीच, अक्रोड या झाडांची कोवळी पालवीही मरते आणि दोन दिवसांत काळपट तपकिरी होऊन लोंबू लागते. फळबागेच्या नुकसानीचा पंचनामा होतो, विम्याचे पैसे मिळू शकतात. सावलीच्या झाडाचा तसा हिशेब कोणी मांडत नाही. ऐंशी वर्षांच्या ओकखाली उभा राहिलेला घरमालक एवढेच विचारतो, की हे झाड जगेल का, आणि मी काय करू?

न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स, मिशिगन इथल्या अनेक मराठी घरांच्या परसात असे जुने ओक आणि मेपल उभे आहेत. त्यामुळे हा प्रश्न मराठी वाचकालाही अगदी परका नाही. त्याच्या निरनिराळ्या अंगांवर गेल्या पन्नासेक वर्षांत अमेरिकेत आणि युरोपात बरेच काम झाले आहे. त्या सगळ्यातून एक गोष्ट पुढे येते. उशिराच्या फ्रॉस्टने, म्हणजे पालवी फुटल्यावर आलेल्या गोठवणाऱ्या थंडीने, मोठे झाड सहसा मरत नाही. मेलेच तर ते आधीपासूनच्या अशक्तपणाने आणि नंतर आलेल्या रोग-किडींनी मरते. म्हणून मदतीची खरी जागा करपलेल्या फांद्यांवर नसून मुळांपाशी आहे, आणि तिची मुदत दोन आठवड्यांची नसून दोन-तीन वर्षांची आहे.

कोवळे पान कसे मरते

साखर मेपलचा हिवाळ्यातला मिटलेला डोळा उणे तीस अंशांनाही दाद देत नाही. तोच डोळा फुटून पान उलगडू लागले, की उणे दोन-तीन अंश त्याला पुरेसे होतात. थंडी सोसण्याची तयारी झाड शरद ऋतूत हळूहळू करते आणि वसंतात ती फार लवकर उतरवून ठेवते. एकदा उतरवली, की ऐनवेळी पुन्हा चढवता येत नाही.

पानातले पाणी शून्य अंशाला लगेच गोठत नाही. पेशीरसातल्या साखरा आणि क्षार गोठणबिंदू थोडा खाली नेतात. शिवाय बर्फाच्या पहिल्या कणाला धरायला काही आधार मिळेपर्यंत पाणी शून्याखालीही पातळ राहू शकते. पानांवर राहणारे स्युडोमोनास सिरिंजीसारखे जिवाणू हा आधार पुरवतात. बर्फ बहुधा पेशींच्या बाहेरच्या पोकळ्यांत आधी धरतो आणि पेशींतले पाणी बाहेर ओढून घेतो. पेशी आतून कोरड्या पडतात, त्यांची पटले निकामी होतात आणि ऊन पडून बर्फ वितळला की पान भिजल्यासारखे, पारदर्शक दिसू लागते. एक-दोन दिवसांत ते काळे पडते.

फ्रॉस्ट दोन तऱ्हेने येतो, आणि नुकसानीचा नकाशा वाचायचा तर हा फरक ठाऊक हवा. पहिला निरभ्र, वारा पडलेल्या रात्रीचा. जमीन आणि पाने आपली उष्णता आकाशाकडे सोडतात आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतात. महाबळेश्वर शहराचे किमान तापमान शून्याच्या बरेच वर असताना वेण्णा लेकच्या परिसरात दव गोठते, त्याची बातमी दर हिवाळ्यात येते. ते याच प्रकारचे. अशा रात्री थंड, जड हवा खोलगट जागेत साचते. एकाच झाडाच्या खालच्या फांद्या करपतात आणि शेंडा हिरवा राहतो. दुसरा प्रकार उत्तरेकडून वाऱ्याबरोबर सरकत आलेल्या गोठलेल्या हवेचा. त्यात शेंडे, वाऱ्याची बाजू आणि उंचावरची झाडेही सुटत नाहीत. आपल्या झाडाचे नुकसान खालून वर कमी होत गेलेले दिसते की सगळीकडे सारखे, यावरून रात्र कोणत्या जातीची होती आणि किती पालवी वाचली असेल, याचा बराच अंदाज येतो.

जग तापत असताना फ्रॉस्ट कसा वाढेल?

हिवाळे सौम्य होत असतील तर उशिराचा फ्रॉस्टही कमी व्हायला हवा, असे सहज वाटते. २००७ च्या एप्रिलने हा समज हलवला. त्या वर्षी अमेरिकेत मार्च विलक्षण उबदार गेला, पूर्व आणि मध्य भागांतली झाडे वेळेआधी फुटली आणि ईस्टरच्या आठवड्यात गोठवणारी थंडी परतली. शेतीचे नुकसान दोन अब्ज डॉलरच्या घरात गेले. टेनेसीतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेतले लियनहाँग गू आणि त्यांचे सहकारी यांनी उपग्रहांच्या नोंदींतून जंगलाचा हिरवेपणा एकदम घसरलेला दाखवला आणि मुद्दा मांडला तो असा: सरासरी तापमान वाढल्याने झाडे लवकर फुटतात, पण थंडीची एखादी लाट उरतेच, त्यामुळे उबदार होणाऱ्या जगात थंडीची इजा वाढूही शकते.

तीनच वर्षांनी, मे २०१० मध्ये, न्यू इंग्लंडच्या जंगलांत हेच पुन्हा घडले. पालवी लवकर आलेल्या वर्षी ९ ते ११ मे दरम्यान फ्रॉस्ट आला. लवकर पाने काढणाऱ्या साखर मेपलला त्याचा मोठा फटका बसला. बीच आणि पिवळा बर्च तुलनेने वाचले. कोएन हुफकेन्स आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार बाधित भागांत झाडांची वर्षभराची अन्ननिर्मिती सुमारे ७ ते १४ टक्क्यांनी घटली.

हे चित्र सगळीकडे सारखे मात्र नाही. कॉन्स्टंटिन झोनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये १९५९ ते २०१७ या काळाचा आढावा घेतला, तेव्हा उशिराच्या फ्रॉस्टचा धोका युरोपात व आशियात वाढलेला आणि उत्तर अमेरिकेत कमी झालेला आढळला. पूर्व अमेरिकेचा वसंत मुळातच लहरी आहे. तिथली झाडे ऊब पुरती मुरल्याशिवाय डोळे उघडत नाहीत. मग अमेरिकेतल्या अंगणांत इतकी करपलेली झाडे का दिसतात? एक कारण असे, की ती सगळी तिथली नसतातच. जपानी मेपल, कात्सुरा, गिंको, युरोपीय बीच ही पाहुणी झाडे दुसऱ्या हवामानाचा अंदाज घेऊन फुटतात. दुसरे असे, की धोका सरासरीने कमी झाला म्हणून २००७ किंवा २०२३ सारखी वर्षे टळत नाहीत.

ओक उशिरा का फुटतो

सावलीच्या झाडांमध्ये ओक, ॲश आणि अक्रोड हे उशिरा पाने काढणारे. त्यांच्या खोडात दरवर्षी वसंताच्या सुरुवातीला रुंद नळ्यांचे एक कडे तयार होते. या रुंद नळ्या पाणी झपाट्याने वर नेतात, पण हिवाळ्यात गोठल्या की त्यांत हवेचे बुडबुडे धरतात आणि त्या कायमच्या बंद पडतात. म्हणून पालवीला पाणी पुरवायचे तर या झाडांना आधी नव्या नळ्या घडवाव्या लागतात. मेपल, बीच, बर्च यांच्या नळ्या बारीक असतात आणि हिवाळ्यानंतरही बऱ्याच कामाच्या राहतात. त्यामुळे ती झाडे लवकर जागी होतात.

उशीर हाच ओकचा बचाव. मात्र मेच्या तिसऱ्या आठवड्यात फ्रॉस्ट आला, तर नेमका ओकच कोवळ्या पानांवर सापडतो. मेपलची पाने तोवर जून होऊन थोडी टणक झालेली असतात. म्हणजे कोणते झाड नाजूक, हे जातीवर जितके अवलंबून, तितकेच तारखेवर. एप्रिलच्या फ्रॉस्टचे बळी वेगळे आणि मेच्या फ्रॉस्टचे वेगळे. जर्मनीत ११ ते १५ मे या दिवसांना ‘हिमसंतांचे दिवस’ मानतात आणि ते सरेपर्यंत नाजूक रोपे बाहेर लावत नाहीत. लोकांच्या या सावधगिरीमागे तारखेचाच अनुभव आहे.

सदाहरित सूचिपर्णी झाडांचे गणित निराळे. स्प्रूसची नवी कोवळी टोके फ्रॉस्टने मऊ पडून लोंबतात, पण गेल्या काही वर्षांची सुईपाने शाबूत राहून काम करत असतात. तिथे काळजी कमी, वाट पाहणे पुरे.

दुसरी पालवी कुठून येते

मोठे झाड सगळे डोळे एकाच वेळी वापरत नाही. मुख्य डोळ्याशेजारी दुय्यम डोळे असतात. सालीखाली वर्षानुवर्षे निजलेले सुप्त डोळेही असतात. पहिली पालवी मेली, की वरच्या टोकांकडून येणारा रोखण्याचा संदेश थांबतो आणि हे डोळे फुटू लागतात. बहुतेक झाडांत तीन ते सहा आठवड्यांत नवी फूट दिसते. ती पहिल्यासारखी दाट नसते. पाने कधी लहान, कधी वेड्यावाकड्या आकाराची. फांद्यांच्या टोकांपेक्षा आतल्या भागात जास्त.

यासाठी लागणारे अन्न येते कुठून, याचे सुंदर उत्तर इटलीत मिळाले. एप्रिल २०१६ च्या अखेरीस मध्य इटलीतल्या एका बीचच्या जंगलाची पालवी फ्रॉस्टने पूर्ण गेली. एत्तोरे द’आंद्रेआ आणि सहकाऱ्यांनी तिथल्या लाकडातल्या साखरेचे किरणोत्सारी कार्बनच्या आधारे वय काढले. विसाव्या शतकाच्या मध्यात झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतल्या कार्बन-१४ चे प्रमाण वाढले आणि मग ओसरत गेले. त्यामुळे साखरेतला कार्बन कोणत्या वर्षी हवेतून घेतला, हे कळू शकते. पाने नसलेल्या आठवड्यांत लाकडातली साखर झपाट्याने घटली आणि उरलेली साखर जुनी जुनी होत गेली. एका टप्प्यावर तिचे सरासरी वय पाच वर्षे भरले. झाडाने पाच वर्षांपूर्वीची ठेव मोडून नवी पाने काढली होती. दुसरी पालवी आल्यावर ताजी साखर पुन्हा खोडात जमू लागली.

दक्षिण जर्मनीतल्या बीचच्या वाढवलयांवरचे अभ्यास याला जोड देतात. उशिराच्या फ्रॉस्टच्या वर्षी वलय ठळकपणे अरुंद होते, पण पुढच्या एक-दोन वर्षांत निरोगी झाडे वाढीची जुनी गती गाठतात. जंगलातले सुदृढ झाड तडाखा खाते आणि सावरते, असा याचा अर्थ.

पण ठेव असेल तरच ती मोडता येते. १९७० च्या दशकात अमेरिकी वन सेवेतले फिलिप वार्गो आणि डेव्हिड ह्यूस्टन यांनी पाने गमावलेल्या साखर मेपलची मुळे तपासली. पाने गेल्यावर मुळांतला पिष्टाचा साठा घटतो, साध्या साखरा वाढतात आणि त्यांच्यावर आर्मिलारिया ही मूळकूज करणारी बुरशी पोसली जाते, असे त्यांच्या कामातून दिसले. मुळाच्या कापावर आयोडीन टाकून पिष्ट किती गडद निळे दिसते, यावरून झाडाची ताकद जोखायची सोपी पद्धतही वार्गो यांनी मांडली. झाड आतून किती भरलेले किंवा रिकामे आहे, हे हिरवेपणा पाहून कळत नाही, हा त्यांच्या कामाचा धडा आजही लागू आहे.

फ्रॉस्ट की करपा?

मदतीला धावण्याआधी निदान पक्के हवे. थंड, ओल्या वसंतात सायकॅमोर, ओक, ॲश आणि मेपल यांच्यावर बुरशीजन्य करपा येतो आणि पाने अशीच तपकिरी होतात. फरक काळाचा आणि ठेवणीचा आहे. फ्रॉस्टची इजा एका रात्रीची. एक-दोन दिवसांत सगळी कोवळी पाने एकदम जातात आणि शेजारपाजारच्या अनेक जातींवर ती दिसते. करपा आठवड्यांनी पसरतो, बहुधा शिरांच्या कडेने डाग पाडतो आणि ज्याची त्याची बुरशी ठरलेल्या झाडांवरच येते. गोठलेल्या रात्रीपाठोपाठ पावसाळी आठवडे आले, तर दोन्ही एकत्रही सापडतात.

फांदी जिवंत आहे का, हे पाहायला नखाने किंवा चाकूच्या टोकाने सालीचा बारीक पापुद्रा काढावा. खाली हिरवट, ओलसर थर दिसला तर फांदी जिवंत. तपकिरी, कोरडा दिसला तरी तेवढ्यावर निकाल देऊ नये. त्याच फांदीवर थोडे खाली पुन्हा पाहावे. पान मेले म्हणजे फांदी मेली असे नाही, आणि फ्रॉस्टच्या बहुतेक प्रकरणांत फांदी वाचलेलीच असते.

काय करावे

पहिले काम थांबणे. अमेरिकी विद्यापीठांच्या विस्तार सेवा आणि बहुतेक अनुभवी वृक्षतज्ज्ञ यांचा यावर एकमताने भर आहे. जुलैच्या मध्यापर्यंत झाड मेले, अर्धे मेले असा निवाडा करू नये.

दुसरे पाणी. इथे एक बारकावा सुटतो. पाने नसलेले झाड फार थोडे पाणी उडवते. फ्रॉस्टनंतरच्या तीन-चार आठवड्यांत दया येऊन रोज नळी सोडली, तर वाफसा नाहीसा होतो, मुळांना हवा मिळत नाही आणि जी मुळे झाडाला सावरणार तीच गुदमरतात. म्हणून त्या काळात माती आधी तपासावी; वीत-दीड वीत खोल ओल असेल तर पाणी नको. खरी गरज दुसरी पालवी उलगडल्यावर, जुलै-ऑगस्टच्या कोरड्या आठवड्यांत असते. तेव्हा पाऊस नसेल तर आठवड्याला साधारण एक इंच पावसाइतके पाणी, एकाच वेळी, सावकाश, खोल मुरेल असे द्यावे. पाणी बुंध्याशी ओतून उपयोग नाही. मोठ्या झाडाची पाणी शोषणारी मुळे बहुतांशी वरच्या दीड-दोन फुटांच्या मातीत आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेरपर्यंत पसरलेली असतात.

तिसरे आच्छादन. लाकडाचा भुसा, सालीचे तुकडे किंवा पालापाचोळा यांचा दोन ते चार इंच जाड थर जितका रुंद पसरता येईल तितका चांगला. मात्र तो बुंध्यापासून वीतभर दूर हवा. अमेरिकी उपनगरांत झाडाच्या बुंध्याभोवती भुशाचा उंच ढीग रचायची रीत पडली आहे. त्यात साल सतत ओली राहते, कुजते आणि उंदरांना आसरा मिळतो. पसरट आच्छादन ओल धरते, मातीचे तापमान सम ठेवते आणि गवताची स्पर्धा मोडते. गवताची दाट, तहानलेली मुळे झाडाच्या मुळांच्या अगदी वरच्या थरात जागा अडवतात. बुंध्याभोवतीचे लॉन काढून तिथे आच्छादन घालणे, हा जुन्या झाडासाठी करता येण्याजोगा बहुधा सगळ्यांत स्वस्त आणि टिकाऊ उपाय आहे.

चौथे, मातीवरचा भार हलवणे. झाडाखाली गाडी लावणे, बांधकामाचे सामान टाकणे, गवतावर तणनाशक मिसळलेले खत फेकणे, हिवाळ्यात पदपथावरचे मीठ मुळांकडे वाहू देणे, हे सगळे त्या दोन-तीन वर्षांपुरते तरी बंद हवे. रुंद पानांची तणे मारणारी काही औषधे झाडाच्या मुळांपर्यंतही पोचतात. ताकद नसलेल्या झाडाला तो डोस पुरतो.

काय करू नये

नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागेत एप्रिलची खरड छाटणी करून जोमदार नवी फूट घेतात. फुटव्यासाठी छाटणी हे आपल्याकडचे शहाणपण बरोबरच आहे, पण ते दरवर्षी छाटल्या जाणाऱ्या, भरपूर खत-पाण्यावर पोसलेल्या वेलीचे. फ्रॉस्टने पालवी गमावलेल्या ओकला छाटणीने फूट येत नाही. उलट ज्या फांद्यांवर सुप्त डोळे आहेत आणि ज्यांच्या लाकडात पिष्ट साठले आहे, त्याच फांद्या आपण तोडून टाकतो. त्यातून अमेरिकेतल्या मिडवेस्टच्या ज्या भागांत ओक विल्ट हा बुरशीजन्य रोग आहे, तिथे एप्रिल ते जुलै ओकला जखम करणे घातक. ताज्या जखमेच्या वासाने रस शोषणारे भुंगेरे येतात आणि बुरशीचे बीजाणू सोडून जातात. छाटणी करायची ती दुसऱ्या पालवीनंतर मेलेल्या फांद्या स्पष्ट ओळखू येऊ लागल्यावर, शक्यतो येत्या हिवाळ्यात. रस्त्यावर किंवा छपरावर पडू शकेल अशी सुकी फांदी मात्र याला अपवाद. ती वेळ न घालवता काढावी.

जखमेला रंग, डांबर, मलम लावण्याची जुनी रीतही सोडायला हवी. अमेरिकी वन सेवेतल्या अलेक्स शायगो यांनी हजारो खोडे उभी चिरून दाखवले, की झाड जखम भरून काढत नाही. ते जखमेभोवती भिंती उभारून कूज आत कोंडते. रंगाने त्या भिंती मजबूत होत नाहीत.

खतावर मात्र खरा वाद आहे, आणि दोन्ही बाजूंना आधार आहे. शरदात पाने गळण्याआधी झाड त्यांतले साधारण निम्मे नत्र परत खोडात ओढून घेते. फ्रॉस्टने एका रात्रीत मेलेल्या पानांतून हे परत घेणे होत नाही, हे २००७ च्या थंडीवरच्या अभ्यासातही दिसले. म्हणजे अन्नद्रव्यांचा तोटा खोटा नाही. तेवढ्यावरून खताची मात्रा घालावी, असे काहीजण म्हणतात. दुसऱ्या बाजूला ओहायोतले कीटकशास्त्रज्ञ डॅनियल हर्म्स यांनी खते आणि किडी यांच्यावरच्या प्रयोगांचा आढावा घेतला. त्यात खत दिल्याने लाकडी झाडांची कीड-प्रतिकारशक्ती वाढते, या समजाला आधार मिळाला नाही. अनेक ठिकाणी ती घटली. नत्राने झाड पाने आणि कोंब वाढवते, पण संरक्षणाची रसायने आणि साठा यांच्याकडचा हात आखडता घेते. शिवाय उन्हाळ्याच्या उत्तरार्धात दिलेल्या नत्राने कोवळी फूट येते आणि पहिल्याच थंडीत मरते.

या दोन मतांमधून वाट निघते ती माती परीक्षणातून. रटगर्स, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठ अशा संस्थांच्या प्रयोगशाळा माफक दरात मातीचा नमुना तपासून देतात. उणीव दिसली तरच, आणि तीही झाड स्थिर झाल्यावर, हळू विरघळणारे खत द्यावे. गळालेली करपलेली पाने मात्र झाडून फेकून देऊ नयेत. ती आच्छादनाखाली कुजली तर त्यांतले नत्र त्याच मुळांकडे परत जाते. पाने बुरशीजन्य करप्यानेही बाधित असतील तर ती उचललेली बरी.

खरी परीक्षा दुसऱ्या वर्षी

सिरॅक्यूजच्या वनशास्त्र महाविद्यालयातले पॉल मॅनियन यांनी १९८१ च्या आपल्या पुस्तकात झाडांच्या ऱ्हासाची एक सर्पिलाकार मांडणी केली. आधीपासून झाडाला कमजोर करणारी कारणे, एकदम आघात करणारी कारणे, आणि शेवटी संधी साधणारे रोग-किडी, असे तीन थर. उशिराचा फ्रॉस्ट हा मधल्या थरात बसतो. वर घट्ट तुडवलेली माती, बांधकामात तोडलेली मुळे, आटलेली जागा. खाली आर्मिलारिया आणि खोडकिडे. मधल्या थराला आपण हात लावू शकत नाही. वरच्या आणि खालच्या थराला लावू शकतो.

ओकच्या बाबतीत संधी साधणाऱ्यांत दुरेघी चेस्टनट बोअरर हा खोडकिडा पुढे असतो. निरोगी ओकमध्ये त्याची अळी टिकत नाही. साठा संपलेल्या ओकमध्ये ती सालीखाली नागमोडी बोगदे पाडून रसाची वाट तोडते. शेंड्याकडची पाने ऐन उन्हाळ्यात तपकिरी होऊन न गळता लटकू लागली, सालीवर इंग्रजी ‘डी’ अक्षराच्या आकाराची बारीक भोके दिसली, की त्याचा संशय घ्यावा. आर्मिलारियाची खूण बुंध्याशी, सालीखाली दिसणारे पांढरे पापुद्रे आणि काळे, बुटाच्या नाडीसारखे धागे ही आहे.

सगळ्यांत वाईट योग म्हणजे एकाच वर्षात दोनदा पाने जाणे. मेमध्ये फ्रॉस्ट, जूनमध्ये स्पाँजी मॉथ या पतंगाच्या पाने खाणाऱ्या अळ्या. दुसरी पालवी हीच झाडाची शेवटची मोठी गुंतवणूक. तीही खाल्ली गेली तर तिसऱ्यांदा पाने काढायला साठा अपुरा पडू शकतो. म्हणून कीटकनाशकावर एरवी हात आखडता ठेवणाऱ्यांनीही फ्रॉस्टच्या वर्षी या अळीवर लक्ष ठेवावे आणि गरज पडल्यास बीटीसारखे जैविक औषध अळ्या लहान असतानाच फवारावे. दुसरी पालवी वाचवणे याहून मोठी मदत त्या उन्हाळ्यात दुसरी नाही.

वृक्षतज्ज्ञाला केव्हा बोलवावे? जुलैअखेरीसही निम्म्याहून जास्त माथा उघडा असेल, दुसऱ्या वसंतात पालवी विरळ आणि पाने लहान येत असतील, बुंध्याशी बुरशीच्या छत्र्या उगवत असतील, किंवा झाड घराच्या छपरावर झुकलेले असेल तेव्हा. इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चरचे प्रमाणपत्र असलेला माणूस पाहावा आणि झाड पाडण्याचा सल्ला मिळाला तर वेगळ्या तज्ज्ञाचे मतही घ्यावे. जे पाडण्याचे पैसे घेणार, त्यांनीच निदान करावे, ही रीत कुठल्याच धंद्यात शहाणपणाची नाही.

आधीच काही करता येते का?

निफाडच्या द्राक्षबागांत थंडीच्या रात्री शेकोट्या पेटवतात. अमेरिकेतल्या फळबागांत मोठे पंखे लावून वरची उबदार हवा खाली ओढतात, किंवा तुषारांनी फुलांवर बर्फाचा पातळ थर धरवतात. पाणी गोठताना उष्णता सोडते आणि कळी शून्य अंशाच्या आसपास राहते. हे सगळे दोन-अडीच मीटर उंचीच्या, ओळीने लावलेल्या पिकाला जमते. वीस मीटर उंच ओकला यांतले काहीच लागू होत नाही. चादरी टाकणे, झाडाखाली दिवे लावणे हे उपाय लहान जपानी मेपलपुरते.

मोठ्या झाडासाठी आधीची तयारी म्हणजे जागेची निवड आणि मुळांची श्रीमंती. नवे झाड लावताना खोलगट, थंड हवा साचणारी जागा टाळावी. लवकर फुटणाऱ्या पाहुण्या जातीपेक्षा स्थानिक बीजाचे झाड घ्यावे. दक्षिणेकडच्या बीजाची झाडे आपल्याच जन्मस्थळाच्या सवयीने फुटतात. पण जे झाड ऐंशी वर्षांपूर्वी कुणीतरी लावून ठेवले आहे, त्याच्यापुरता आपल्या हातातला भाग म्हणजे त्याची माती.

म्हणून मदतीचा क्रम लोक सहसा करतात त्याच्या उलट लावावा. फ्रॉस्टच्या आठवड्यात दाराशी खताच्या इंजेक्शनची जाहिरात किंवा माथा छाटण्याचे दरपत्रक आले, तर ते बाजूला ठेवावे. ते पैसे आच्छादनावर, माती परीक्षणावर आणि पुढच्या दोन उन्हाळ्यांच्या पाण्यावर खर्च करावेत. दुसऱ्या आणि तिसऱ्या वसंतात जाणकार माणसाकडून झाड तपासून घ्यावे. जंगलातला बीच फ्रॉस्टमधून सहज सावरतो आणि शहरातला तेवढाच जुना ओक कधी कधी सावरत नाही. तडाखा दोघांनाही सारखाच बसलेला असतो. फरक त्यांच्या पायाखालच्या मातीत असतो, आणि शहरातली ती माती आपणच तुडवलेली असते. ती मोकळी करणे आपल्या हातात आहे, आणि त्यासाठी पुढच्या फ्रॉस्टची वाट पाहायची गरज नाही.